पाडव्याची पहिली धार

“आता कोणाचं नाव घेशीन? सांग ना. तुळशीराम तर चार दिवसांपासून घरी बसून हाये. आता कोण नेऊन राह्यलं तेल?”

मनकर्णाबाईंचा आवाज तेलघाणीच्या खोलीतून निघून रस्त्यावर गेला. समोरच्या पानटपरीवरच्या दोघांनी माना वळवल्या आणि पुन्हा सरळ केल्या. धाड गावात भांडण ऐकू आलं तरी ऐकू आल्यासारखं दाखवत नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारतात.

दीपक तेलाच्या पिंपावर वाकून उभा होता. त्याच्या हातात बांबूची काठी होती. पिंपात बुडवायची, बाहेर काढायची आणि ओल कुठल्या खुणेपर्यंत आली ते बघायचं, अशी ती काठी. त्यानं ती तिसऱ्यांदा बुडवली, जणू तेवढ्यात तेल वर येणार होतं.

“चावी असन त्याच्यापाशी.”

“चावी त्यानं त्याच दिवशी माह्या पुढं ठेवली. तुह्या डोळ्यादेखत.”

“मंग दुसरी करून घेतली असन. बावीस वर्षं इथं कामाले राह्यला तो, त्याले काय अवघड हाये?”

“अन् रोज रात्री येऊन कुलूप उघडते, तेल काढते, अन् पुन्हा लावून जाते. आपण सारे मेलो हावो का इथं?”

दीपकनं काठी भिंतीला टेकवली. बोलायचं थांबला तेव्हाच मनकर्णाबाईंना कळलं की आता काहीतरी वाईट बाहेर पडणार. त्याच्या बापाचंही असंच असे.

“मंगळवारी ऑटो घेऊन कोण आलं होतं?” तो म्हणाला. “पाच मिनिटं म्हनून आला अन् चांगला दोन घंटे बसला. ऑटो कुठी उभा होता? घाणीच्या मागच्या दाराले.”

मंगळवारी सुचिताचा भाऊ गोविंदा आला होता, देऊळघाटहून. बहिणीसाठी शेतातल्या भेंड्या घेऊन.

सुचिता दारातच उभी होती. हातात सुपलं, सुपल्यात निवडायचे शेंगदाणे. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि सुपलं तिथंच खाली ठेवलं. रडली नाही, ओरडली नाही. सात वर्षांच्या संसारात ती या घरात एवढं मात्र शिकली होती की दीपकसमोर रडलं की तो जिंकतो.

“बरं झालं बोलले,” ती म्हणाली. “तुळशीरामभाऊ झाले, आता माहा भाऊ. पुढच्या हप्त्यात माहं नाव घ्या.”

---

मनकर्णाबाईंचं सगळं आयुष्य या घाणीच्या आवाजात गेलं होतं. अठराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा घाणीला बैल होता. पुढे मोटर आली. नवरा गेला तेव्हा दीपक सहावीत होता. दिरांनी सांगून पाहिलं, जागा भाड्यानं द्या, बाईमाणसाचं काम नाही हे. पण तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी तुळशीरामला निरोप पाठवला, करडी भिजवून ठेव म्हणून. मोटर, पट्टा, घाणी, पेंड ही तुळशीरामची बाजू. गादी, माप आणि गिऱ्हाईक ही त्यांची. दोघांत जेवढं बोलणं लागे तेवढंच होई. तो त्यांना वहिनी म्हणे. नवऱ्याच्या हाताखाली लागलेला माणूस, त्यामुळे ते नातं तसंच राहिलं.

तेल मापायची मनकर्णाबाईंची एक रीत होती. पाच लिटरच्या कॅनमध्ये शिक्क्याच्या मापानं पाच मापं टाकायची, आणि मग माप बाजूला ठेवून पळीनं आणखी एक धार सोडायची. वरची धार. ती मोजायची नाही. गिऱ्हाईक पाच मापं होईपर्यंत इकडंतिकडं बघत असे, गप्पा मारत असे. वरच्या धारेला मात्र नजर कॅनच्या तोंडावर यायची. पेठेतल्या झुंबरबाई तर हक्कानं म्हणायच्या, “काऊन वं मनकर्णे, आज हात आखडला का? कालच्यापेक्षा बारीक पडली धार.” आणि बाई आणखी सोडायच्या.

मागच्या हिवाळ्यात त्यांचं मनगट भरून यायला लागलं. मग हात थरथरायला लागला. एकदा भरलेलं माप ओट्यावर सांडलं, झुंबरबाईंच्या लुगड्यावर उडालं. त्या हसल्या, दीपक हसला नाही. महिन्याभरात त्यानं मशीन आणलं.

मशीन म्हणजे पिंपाला लावलेला लहान पंप, त्याच्या पुढे वाटीएवढा मीटर, आणि मीटरवर आकडे दाखवणारी डबी. डबीवर पाच लिटर लावून ठेवायचं, नळीच्या तोंडाखाली कॅन धरायचा, बटण दाबायचं. तेल जोरात पडतं, शेवटी धार बारीक होते, आणि पाच लिटर झालं की आपोआप बंद. दिवसभरात किती गेलं त्याची बेरीजही डबीच ठेवते. देऊळगाव राजाहून आलेला मिस्त्री गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी सगळं जोडून गेला. सेटिंग कशी करायची ते त्यानं सुचिताला दाखवलं, कारण दीपक तेव्हा फोनवर होता आणि समजून घ्यायला ती एकटीच समोर होती. एकदा पाच लिटर पाडायचं, ते हातानं मापायचं, आणि खरंच किती पडलं तो आकडा मशीनला सांगायचा. पुढं मशीन त्याप्रमाणे स्वतःला सुधारून घेतं.

“फक्त एक करा ताई,” मिस्त्री जाताना म्हणाला होता. “पहिल्या दोन फेऱ्या मापू नका. नळी कोरडी आहे, मीटर कोरडा आहे. तेलाच्या आधी हवा जाईल आणि मीटर हवासुद्धा तेल म्हणून मोजेल. दोन फेऱ्या पिंपात परत ओता, तिसरी मापा.”

पाडव्याला सकाळी मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मनकर्णाबाईंनी स्वतः बटण दाबलं. नळी दोनदा खोकलली, फेस आला, मग तेल पडलं. सुचितानं कॅन उचलून पिंपाकडे वळवला तशी बाईंनी तिचा हात धरला.

“काय करून राह्यली वं? पाडव्याची पयली धार पुन्हा पिंपात? ओवाळलेलं असं उलटं ओततेत का कुठी?”

“आत्याबाई, मिस्त्रीनं सांगतलं हाये...”

“मिस्त्रीले काय, तो पैसे घेऊन गेला. माप हेच. हेच तेल बालाजीच्या दिव्याले जाईन.”

सुचितानं नवऱ्याकडे पाहिलं. दीपक मशीनचा फोटो काढत होता. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं. तिनं तीच धार मापली. डबीवर पाच दिसत होते, माप पावणेपाचच्याही आत भरलं. तिनं तो आकडा मशीनला सांगितला.

त्या दिवसापासून मशीन भरभरून देऊ लागलं. कॅन गळ्यापर्यंत यायचा. मनकर्णाबाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण त्यांच्या डोळ्याला वरच्या धारेचाच कॅन ओळखीचा होता. उलट त्यांना बरं वाटलं. गादी जाणार म्हणून त्या आतून धास्तावलेल्या होत्या. आणि इथं हे यंत्र त्यांच्याच हातासारखं वागत होतं. झुंबरबाई कॅन उचलून बघत म्हणाल्या, “तुह्यापेक्षा हे बरं, मनकर्णे. मागाच लागत नाई.” सगळे हसले. जास्त मिळालं म्हणून तक्रार घेऊन कोण येणार?

पंधरा दिवसांनी दीपकनं पिंपात काठी बुडवली आणि डबीवरची बेरीज बघितली. मशीन सांगत होतं त्यापेक्षा बरंच जास्त तेल पिंपातून गेलेलं होतं. याआधी या घरात असा हिशेब कोणी लावलाच नव्हता. अंदाजानं तेल यायचं, अंदाजानं जायचं, चोर शोधायची सोयच नव्हती. आता मशीननं आकडा दिला, आणि आकडा आला म्हणजे दीपकला कोणीतरी माणूस हवा होता.

मागच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी, दुकानात पाचसहा बाया उभ्या असताना तुळशीराम जेवायला घरी निघाला. खिळ्यावरची पिशवी त्यानं काढली.

“पिशवी दाखव,” दीपक म्हणाला.

तुळशीरामला आधी कळलंच नाही. दीपकनं पिशवी ओढून घेतली आणि ओट्यावर उलटी केली. डबा, पंचा, आणि करडीच्या तेलाची एक बाटली.

“हे काय हाये बे?”

ज्या माणसानं त्याला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं त्याला तो बे म्हणाला. तुळशीरामनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यानं मनकर्णाबाईंकडे पाहिलं.

ती बाटली त्यांनीच दिली होती. प्रत्येक बाजाराच्या दिवशी देत आल्या होत्या, नवरा होता तेव्हापासून. फक्त मशीन आल्यावर दीपकनं बजावलं होतं, की आता थेंबही मशीनबाहेरून जाणार नाही. म्हणून त्या दिवशी सकाळी त्यांनी बाटली लोट्यातून हातानं भरली आणि म्हणाल्या, “दीपकले सांगू नको बरं.” तुळशीराम हसला होता.

आता बाया बघत होत्या. झुंबरबाई बघत होत्या. मनकर्णाबाईंनी नजर खाली केली आणि समोरच्या कॅनचं झाकण घट्ट करत राहिल्या. आत गेल्यावर दीपकला सांगू, असं त्यांनी मनात म्हटलं. चार लोकांत पोराला तोंडघशी कशाला पाडायचं? पण तोवर तुळशीरामनं कंबरेची चावी काढून त्यांच्या गादीपुढे ठेवली होती. बाटली माझी नाही असं तो म्हणाला नाही, वहिनींनी दिली असंही म्हणाला नाही. पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि गेला.

त्या रात्री त्या दीपकशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांनी स्वतःला समजावलं: बाटली वेगळी आणि पिंपातलं तेल वेगळं. तेल तर गेलंच आहे ना? एक दिवसभर त्यांनी जवळजवळ मानूनही टाकलं की तुळशीराम नेत असेल. तसं मानलं की जेवण उतरत होतं.

---

आणि आज नवं तेल पिंपात पडून चार दिवस झाले होते, तुळशीरामनं दाराला हात लावला नव्हता, आणि काठी पुन्हा तेच सांगत होती.

सुचितानं पदर खोचला. रॅकवरचा भरलेला, विक्रीला काढलेला कॅन खाली घेतला. कोपऱ्यातून शिक्क्याचं माप आणलं, पुसलं. मोठं पातेलं समोर ओढलं.

“काय करून राह्यली?” दीपक म्हणाला.

“माह्या भावानं किती नेलं ते पाहून राह्यली.”

ती एकेक माप भरून पातेल्यात ओतू लागली. माप काठोकाठ भरायची, थोडं थांबायची, ओतायची. पाच मापं झाली. तिनं कॅन उचलून हलवला. आत तेल वाजलं. सहावं माप तिनं खाली ठेवून त्यात उरलेलं तेल ओतलं. माप पावाच्याही वर भरलं.

“एखादा जास्त पडला असन,” दीपक म्हणाला.

तिनं दुसरा कॅन काढला. तेवढंच उरलं. तिसरा काढायला वाकली तशी मनकर्णाबाई म्हणाल्या, “पुरे.”

“तेल कोणी नाई नेलं,” सुचिता उभी राहून म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत तेलानं माखले होते. “आपणच वाटून राह्यलो, कॅनामागं पावावर. मशीन म्हनते पाच, अन् देते सव्वापाचच्या वर. म्हनून डबीवर कमी दिसते अन् पिंपातून जास्त जाते.”

दीपकचा चेहरा एकदम उतरला आणि लगेच तापला. “सेटिंग तू केली होती! तुले जमत नव्हतं तर म्हनाचं होतं. तुह्यामुळं मी त्या माणसाले...”

“मी म्हनलं होतं.” आता पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. “मिस्त्रीनं दोन फेऱ्या सोडाले सांगतल्या होत्या. नळीत हवा होती, पयल्या कॅनात तेल कमी पडलं, अन् आपण मशीनले सांगतलं की तू कमी देते. मंग ते जास्त देऊन राह्यलं. मी कॅन परत ओतून राह्यली होती. कोणी हात धरला विचारा.”

तिनं नाव घेतलं नाही. तिघांनाही ते माहीत होतं. मनकर्णाबाई गादीच्या कडेला बसल्या. त्यांना नळीचा तो खोकल्यासारखा आवाज आठवला, तो फेस आठवला, आणि सुनेच्या मनगटावरची आपली बोटं.

---

सकाळी त्या तुळशीरामच्या घरी गेल्या. एकट्याच. दारात त्याची बायको वच्छलाबाई भांडी घासत होती. तिनं वर पाहिलं, उठली नाही. इतक्या वर्षांत मनकर्णाबाई या दारात आल्या आणि वच्छलानं बाज ओढली नाही असं झालं नव्हतं.

“तुळशीराम हाये का?”

“गोदामावर गेले. पोते उचलाले.”

“या वयात?”

वच्छलानं राखेचा हात पातेल्यावर जोरात फिरवला. “पोट वय इचारते का वहिनी?”

मनकर्णाबाई उभ्यानंच बोलल्या. मशीनचं सांगितलं, हवेचं सांगितलं, आपण हात धरला तेही सांगितलं. तुळशीरामकडं एका थेंबाची खोट नाही असं म्हणाल्या. वच्छला ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं. सगळं झाल्यावर तिनं पातेलं पालथं घातलं.

“अन् बाटली?”

मनकर्णाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

“बाटली तुम्ही देत होत्या, मले माहीत हाये. ह्यायले म्हनलं, तवाच तोंड उघडाचं होतं. तर म्हने, वहिनी समोर बसल्या होत्या, त्यायले बोलाचं असतं तर बोलल्या असत्या.” तिनं आता सरळ त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही बसल्या होत्या ना तिथं?”

“होती.”

“मंग?”

घरात कोणीतरी हललं. पडद्याआड अर्पिता होती, तुळशीरामची धाकटी. तिला बघायला अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी देऊळगाव राजाचे पाहुणे येणार होते, हे मनकर्णाबाईंना ठाऊक होतं. चहापाण्याला लाडू आपण देऊ असं त्यांनीच म्हटलं होतं.

“पाहुण्यायचा निरोप आला,” वच्छला म्हणाली. तिनं आवाज बारीक केला, आतल्या मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून. “अखजीनंतर पाहू म्हनतेत. इतक्या वर्षाच्या नोकरीवरून काऊन काढलं, हे इचारलं त्यायनं मध्यस्थाले. बाजारात झालं ना वहिनी ते. बाजारातून गावोगाव गेलं.”

“मी आली ना सांगाले. चूक आमची हाये.”

“मले सांगून काय करता? मले तर पयलेच माहीत होतं.”

एवढं बोलून ती घासलेली भांडी घेऊन आत गेली. मनकर्णाबाई अंगणात थोडा वेळ थांबल्या. कोणी बाहेर आलं नाही.

---

घरी पोचल्या तेव्हा ताटं मांडली होती. दीपक खुशीत होता. सकाळीच त्यानं आणि सुचितानं मिळून मशीन नव्यानं लावलं होतं: नळी तेलानं भरू दिली, दोन फेऱ्या पिंपात ओतल्या, तिसरी मापली, मग चौथी आणि पाचवीही मापून बघितली. पाच म्हणजे पाच. सुचिताच्या भावाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नव्हतं. माफी मागितली नव्हती, पण भेंडीची भाजी मागून घेतली होती. त्याच्याकडून तेवढंच येत असे. सुचितानं भाजी वाढली, त्याच्याकडे न बघता.

“मिटलं, माय,” तो म्हणाला. “मशीन बिलकूल बरोबर झालं. संध्याकाळी तुळशीरामले फोन लावतो. ये म्हनतो कामावर. अखजीची ऑर्डर हाये, माणूस पायजेच.”

“फोन लावू नको.”

“काऊन? तूच तर भांडत होती त्याच्यासाठी.”

मनकर्णाबाई पाटावर बसल्या नाहीत. भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. “पिशवीतली बाटली मी दिली होती.”

दीपकचा घास हातातच राहिला. “कोणती बाटली?”

“तीच. त्या दिवशी सकाळी मीच भरून दिली. तुह्या बापाच्या काळापासून देतो आपण. तुले सांगू नको असं मीच म्हनलं त्याले.”

“अन् तू तिथं बसून...” तो पुढं बोलला नाही. मग एकदम बोलला. “तवा बोलली असती तर मी कायले वाढवलं असतं? मले पुऱ्या गावात मूर्ख ठरवलं तू!”

“तुले मूर्ख ठरवू नये म्हनूनच बोलली नाई. त्याले चोर ठरू दिलं.”

सुचिताची पळी भाजीच्या पातेल्यात थांबली होती.

“ठीक हाये,” घास ताटात ठेवत दीपक म्हणाला. “झालं ते झालं. घरी जातो त्याच्या. हात जोडतो, पाया पडतो म्हन. अजून काय पायजे?”

“घरी मी जाऊन आली. घरच्यायले माहीत हाये तो चोर नाई म्हनून. ज्यायनं पाह्यलं त्यायले सांगा लागते.”

“गिऱ्हाइकासमोर? दुकानात?” त्यानं ताट सरकवलं. “माय, लोक काय म्हनतीन? मशीन चुकीचं होतं म्हनलं तर आजवरच्या साऱ्या कॅनावर शंका घेतीन. दुकानाची इज्जत...”

“त्याची तिथंच गेली. पाचसहा बाया होत्या, झुंबर होती. त्यायले बोलवा लागत नाई, बाजाराच्या दिवशी त्या येतच असतेत.”

“अन् तो आलाच नाई परत तर?”

“नाई येईन कदाचित. पोते उचलून राह्यला तो.”

दीपकनं बायकोकडे पाहिलं, मदतीला ये अशा नजरेनं. सुचितानं भाजीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ती सासूच्या तोंडाकडे बघत राहिली.

मनकर्णाबाईंचा आवाज चढलेला नव्हता. सकाळी करडी किती भिजवायची ते सांगायच्या त्याच आवाजात त्या बोलल्या.

“बाजाराच्या दिवशी दुकान उघडीन. पयले मी बोलीन, बाटलीचं. मंग तू बोलशीन, पिशवीचं. मशीनचं सुचिता सांगीन. तोपर्यंत घाणी बंद. अखजीची ऑर्डर दुसऱ्याले जाऊ दे.”